वही जाळू नका, दुसरा अँटीव्हायरस मात्र काढून टाका

पत्राचा सारांश: साठीकडे झुकलेल्या एका भगिनींचं हे पत्र. घरात एकच कॉम्प्युटर. त्या, त्यांचे निवृत्त यजमान आणि सुट्टीला येणारा मुलगा असे सगळे तो वापरतात, एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने. दोन महिन्यांपूर्वी यजमान बातम्या वाचत असताना स्क्रीनभर लाल इशारा आला, भोंगा वाजू लागला. ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ त्यांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने एक प्रोग्रॅम डाउनलोड करायला लावला आणि कॉम्प्युटरचा ताबा घेतला. त्याने बँकेची साइट उघडायला सांगितली तेव्हा यजमानांना शंका आली आणि त्यांनी थेट स्विचच बंद केला. पैसे गेले नाहीत. पण ही गोष्ट त्यांनी घरात सांगितली तीन दिवसांनी, आणि त्यावरून मोठं भांडण झालं. तेव्हापासून या भगिनींनी दोन अँटीव्हायरस आणि कॉम्प्युटर ‘साफ’ करणारा एक प्रोग्रॅम घातला आहे. सगळे पासवर्ड त्या दर महिन्याला बदलतात, शेवटी महिन्याचं नाव जोडून, आणि वहीत लिहून ठेवतात. मुलगा म्हणतो, ती वही जाळून टाक, पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड जपून ठेवणारा प्रोग्रॅम) वापर, आणि तसंही आपल्यासारख्यांच्या मागे कोण लागणार? यजमान कॉम्प्युटरला हात लावेनासे झाले आहेत. त्या विचारतात: सर्वांत चांगला अँटीव्हायरस कोणता? वही जाळू का? यजमानांना कॉम्प्युटरपासून लांबच ठेवावं का? आणि ही धास्ती कधी संपणार?

उत्तर:

ताई, तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं देणार आहे. पण त्याआधी तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल बोलायला हवं, कारण ती जास्त तातडीची आहे. त्या दिवसानंतर कॉम्प्युटरमध्ये काय काय नवीन घातलं ते तुम्ही सविस्तर लिहिलंय. त्या माणसाने उतरवून घ्यायला लावलेल्या प्रोग्रॅमचं पुढे काय झालं, ते मात्र पत्रात कुठेच नाही.

स्विच बंद करणं ही त्या क्षणी करता येण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट होती, आणि ती तुमच्या यजमानांना सुचली. पण स्विच बंद केल्याने प्रोग्रॅम निघून जात नाही. दुरून कॉम्प्युटर चालवण्याचे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे प्रोग्रॅम मुळात चांगल्या कामासाठीच बनवलेले आहेत. ऑफिसातला तंत्रज्ञ त्यांच्याच मदतीने दुसऱ्या शहरातला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हणूनच अँटीव्हायरस त्यांना बहुतेक वेळा अडवत नाही. आणि त्यांच्यात अशी सोय असते की कॉम्प्युटर सुरू झाला की तेही आपोआप सुरू व्हावेत, समोर कुणी बसलेलं नसतानाही बाहेरच्या माणसाला आत येता यावं. त्या माणसाने ती सोय चालू करून ठेवली का, तेवढ्या वेळात आणखी काही आत टाकलं का, हे बाहेरून बघून कळत नाही.

आता लक्षात घ्या, दोन महिने तुम्ही पासवर्ड बदलत आहात ते याच कॉम्प्युटरवर बसून. आत कुणी बघणारं असेल, तर प्रत्येक नवा पासवर्ड त्याला तुमच्यासोबतच कळत असणार. असं झालंच असेल असं मी म्हणत नाही. पण जिथे शंका आहे तिथेच बसून केलेली मेहनत कितीही मोठी असली तरी तुम्हाला निर्धास्त करू शकणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: हा कॉम्प्युटर पूर्ण पुसून विंडोज नव्याने घाला. नुसता तो प्रोग्रॅम काढून टाकून आणि स्कॅन मारून बरेच जण थांबतात, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतंही. पण तुमचा खरा त्रास ‘आत अजून काही असेल का’ हा आहे, आणि तो कोणत्याही स्कॅनने पुरता जाणार नाही. आधी इंटरनेट बंद करा. फोटो, कागदपत्रं, पत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. फक्त तुमच्या फायली घ्यायच्या, प्रोग्रॅम आणि ते बसवण्याच्या फायली नाहीत. डिस्कवरचे दोन-चार फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि डिस्क काढून ठेवा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हरी’ या विभागात ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय आहे. त्यात सगळं काढून टाकण्याचा पर्याय निवडा, फायली ठेवण्याचा नको. मुलगा घरी असेल तेव्हा हे काम काढलंत तर सोपं जाईल. तोपर्यंत त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काम करू नका.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून, म्हणजे तुमच्या फोनवरून, आणि आजच. सुरुवात ईमेलपासून करा, बँक त्यानंतर. हा क्रम अनेकांना उलटा वाटतो. पण बाकीच्या प्रत्येक साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ असं एक बटण असतं आणि ते दाबल्यावर येणारी लिंक ईमेलमध्येच येते. घरातल्या सगळ्या किल्ल्या ज्या खुंटीला टांगलेल्या असतात, ती खुंटी म्हणजे तुमचं ईमेल खातं. ते ज्याच्या हाती गेलं त्याला बाकीचे पासवर्ड माहीत असण्याची गरजच उरत नाही.

ईमेलचा पासवर्ड बदलल्यावर त्याच्या सेटिंग्जमध्ये आणखी तीन ठिकाणी नजर टाका. सध्या कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडलेलं आहे ती यादी बघा आणि ओळखीची नसतील ती सगळी बाहेर काढा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचाच आहे ना, ते तपासा. आणि येणारी पत्रं परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कुणी लावून ठेवलेला नाही ना, तेही बघा. हे तिसरं लोक हमखास विसरतात. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो आणि पत्रांच्या प्रती गुपचूप जात राहतात.

बँकेलाही कळवा, पैसे गेले नसले तरी. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर नको, कारण शोधाच्या निकालात सर्वांत वर दिसतात त्या पुष्कळदा जाहिराती असतात आणि ठक लोकही जाहिराती देतात. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये याच कारणाने लोकांना जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, वापरण्याचा सल्ला दिला होता. तुमच्या घरी आलेला तो लाल इशाराही बहुधा कुठल्यातरी जाहिरातीच्या वाटेनेच आला असणार. नवं विंडोज घातल्यावर ब्राउझरमध्ये असं एखादं चांगलं एक्स्टेंशन जरूर घाला, आणि एवढ्यावरच थांबा. एक्स्टेंशनला तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचता येऊ शकतं, त्यामुळे ती जितकी कमी तितकं बरं.

आणि तो इशारा पुन्हा आलाच, तर तुम्हा दोघांनाही हे माहीत असू द्या: ते नुसतं एक वेब पान असतं. भोंगा, लाल रंग, उलटी मोजणी, सगळं त्या पानातलं. कॉम्प्युटर लॉक वगैरे काही झालेला नसतो. पान पूर्ण स्क्रीन व्यापून बसल्यामुळे तसं वाटतं. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारलं तर नको म्हणा. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलेलं आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीही नसतो. इशाऱ्यात नंबर दिसला की तो खोटा, एवढी एक खूण यजमानांना पुरेशी आहे.

आता अँटीव्हायरस. सर्वांत चांगला कोणता, या प्रश्नामागे तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात: प्रोग्रॅम जितके जास्त तितकी सुरक्षितता जास्त. हे तसं नाही. प्रत्येक फाइल उघडताच तपासणारे दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालले तर ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात, कॉम्प्युटर रडतखडत चालतो आणि इशाऱ्यांचा इतका मारा होतो की माणूस न वाचताच ‘ओके’ दाबायला लागतो. विंडोजसोबत डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आपोआप येतो. घरच्या वापरासाठी तो चांगला आहे, आणि तुम्ही दुसरा घातला की तो आपणहून बाजूला होतो. नवं विंडोज घातल्यावर तोच राहू द्या, वर काही घालू नका.

‘सफाई’ करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल मी अधिक कडक आहे. विंडोजला त्यांची गरज नाही, आणि त्यांना कॉम्प्युटरमध्ये सगळीकडे हात घालायची परवानगी द्यावी लागते. २०१७ मध्ये सीक्लीनर या अशाच एका अतिशय लोकप्रिय प्रोग्रॅमच्या खुद्द अधिकृत आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता. जवळजवळ महिनाभर ती आवृत्ती अधिकृत साइटवरूनच वाटली जात होती आणि २० लाखांहून अधिक लोकांच्या कॉम्प्युटरवर ती गेली. त्यांच्यातल्या कुणीही वेडीवाकडी साइट उघडलेली नव्हती. नको असलेला प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे एक जास्तीची वाट, हे मनात ठेवून कॉम्प्युटरकडे बघा, म्हणजे आत काय घालायचं हे ठरवणं सोपं होईल. (चोरून फुकट मिळवलेले, ‘क्रॅक’ केलेले प्रोग्रॅम आणि गेम तर अजिबातच नकोत. हे मुलालाही सांगा.)

तुमच्या मुलाचं म्हणणं मला दोन भागांत घ्यावं लागेल. ‘आपल्यासारख्यांच्या मागे कोण लागणार’ हे त्याचं वाक्य अनेक सुशिक्षित लोक मनापासून मानतात. त्यामागे अशी कल्पना असते की कुणीतरी बसून तुमचं नाव निवडतो. प्रत्यक्षात बहुतेक हल्ल्यांमध्ये नाव निवडलंच जात नाही. एखाद्या साइटवरून लाखो ईमेल आणि पासवर्डच्या जोड्या चोरीला जातात, आणि मग एक प्रोग्रॅम त्या सगळ्या जोड्या दुसऱ्या शेकडो साइटवर लावून बघत राहतो. त्यात तुम्ही श्रीमंत आहात की निवृत्त, हे त्याला माहीत नसतं.

१२ मे २०१७ ला सुरू झालेला वॉनाक्राय हा हल्ला आठवून बघा. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवरच्या फायली त्याने कुलूपबंद केल्या, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक करण्याचीही त्याला गरज नव्हती. विंडोजमधल्या एका त्रुटीतून तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपणच जात होता. आणि ती त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते घातलं होतं त्यांच्या कॉम्प्युटरवर तो त्या वाटेने शिरू शकला नाही.

मला विचाराल तर घरच्या कॉम्प्युटरसाठी सर्वांत जास्त काम करणारी सवय हीच आहे, आणि तिला कौशल्य लागत नाही. अपडेट आपोआप होऊ द्या. कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट करू का’ विचारतो तेव्हा ‘नंतर’ दाबत राहू नका, कारण पुष्कळ अपडेट रीस्टार्ट झाल्याशिवाय लागूच होत नाहीत. ब्राउझरचंही तसंच, तो बंद करून उघडला की नवा होतो. एक गोष्ट मात्र तपासून बघा: तुमचं विंडोज कितवं आहे? विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहेत. घरच्या वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून जास्तीचं एक वर्ष मिळतं, पण तो तात्पुरता आधार आहे. कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकत असेल तर पुसायचाच आहे तेव्हा तेच घाला. घेऊ शकत नसेल तर नवा घेण्याचा विचार सुरू करा. दोन अँटीव्हायरसवर जो खर्च होतोय तो तिकडे वळवणं जास्त शहाणपणाचं.

मुलाच्या म्हणण्याचा दुसरा भाग, वही. वही जाळू नका.

‘पासवर्ड कधीही लिहून ठेवू नये’ हा सल्ला ऑफिससाठी होता, जिथे टेबलाशेजारून दिवसभर माणसं येत-जात असतात. तुमच्या घरातलं कपाट वेगळं आहे. हजारो मैलांवर बसलेल्या चोराला तुमच्या कपाटातली वही वाचता येत नाही. वही बाळगायला हरकत नाही, फक्त ती कॉम्प्युटरच्या टेबलावर नको, प्रवासात बरोबर नको, आणि तिच्या पानांचे फोटो फोनमध्ये तर मुळीच नकोत. बँकेचा पिन तिच्यात लिहू नका.

मला काळजी वहीची नाही, दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची आहे. हा सल्ला तुम्ही कुठेतरी वाचला असेल आणि तो अधिकृत वाटतो यात तुमची चूक नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शनातून तो जगभर पसरला: मोठी अक्षरं, चिन्हं, आकडे घाला आणि ठरावीक काळाने बदला. ते लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेनेही आपला सल्ला बदलला. पासवर्ड उघड झाल्याची शंका असेल तेव्हाच बदला, उगाच ठरावीक काळाने बदलायला लावू नका, असं तिचं म्हणणं आहे. कारण सक्तीने बदलायला लावलं की माणसं तुम्ही केलंत तेच करतात, जुन्यालाच शेपूट जोडतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये अशा बदललेल्या पासवर्डांचा अभ्यास केला. जुना पासवर्ड हाती असेल तर १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आतच ओळखता आला. तुमच्या पासवर्डच्या शेवटी मार्च बघितल्यावर पुढच्या वेळी काय येणार हे ओळखायला संशोधक लागणार नाही.

त्यापेक्षा एकदाच नीट करा. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. अनोळखी प्रोग्रॅमच्या हाती एक जोडी लागली तरी ती दुसरीकडे चालू नये, हा सगळा मुद्दा आहे. लांबी पंधरा अक्षरांच्या पुढे असू द्या. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहिले की होतं, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चालतात. नातवंडांची नावं, जन्मतारखा, म्हणी आणि गाण्यांच्या ओळी मात्र नकोत, त्या सगळ्यांच्या ओळखीच्या असतात. आपला ईमेल पत्ता आजवर कोणकोणत्या चोऱ्यांमध्ये सापडला आहे हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या मोफत साइटवर बघता येतं. तिथे तुमचं नाव निघालं तर घाबरू नका, बहुतेकांचं निघतं. फक्त त्या साइटचा पासवर्ड बदला, आणि तोच आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही.

पासवर्ड मॅनेजरबद्दल मुलगा बरोबर आहे, पण तो कदाचित सोयीचं कारण देत असेल. माझं कारण वेगळं आहे. माणसाची नजर बँकेच्या खऱ्या पत्त्यात आणि एका अक्षराचा फरक असलेल्या खोट्या पत्त्यात फसते, विशेषतः घाईत. पासवर्ड मॅनेजर पत्ता अक्षरशः जुळवून बघतो. जुळला नाही तर तो पासवर्ड भरतच नाही. रोजच्या साइटवर तो एकदम गप्प बसला, तर वहीतून बघून हाताने टाइप करू नका. आधी वरचा पत्ता वाचा. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह पूर्वी लोकांना खात्रीचं वाटायचं. पण त्याचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेवर कुणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय हे त्यावरून कळत नाही, आणि खोट्या साइटवरही ते दिसतं. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणूनच गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढून टाकलं.

म्हणून दोन्ही ठेवा. पन्नास साइटचे पासवर्ड मॅनेजरकडे, आणि वहीत चारच गोष्टी: मॅनेजरचा मुख्य पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड, विंडोजच्या खात्याचा पासवर्ड आणि खातं अडकल्यास वापरायचे राखीव कोड. हे कोड तुम्हाला ईमेलवर दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करताना मिळतील. ती पडताळणी चालू करणं हे याच आठवड्यातलं काम समजा. कोड एसएमएसने आला तरी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगलं. फोनमधल्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड आणखी बरा. आणि एखादी साइट पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या कुलपाने, जसं बोटाच्या ठशाने, खातं उघडण्याची सोय) देत असेल तर ती घ्या, कारण पासकी खोट्या साइटवर चालतच नाही. कोड मात्र फोनवर कुणाला वाचून दाखवला की त्याचा उपयोग संपला, मग विचारणारा स्वतःला बँकेचा सांगो की पोलिसांचा.

वही कुठे आहे हे यजमानांनाही माहीत असू द्या. आज सगळ्या घराचं सगळं एकट्या तुमच्याकडे आहे. तुम्ही चार दिवस आजारी पडलात तर घरात कुणालाच काही उघडता येणार नाही, आणि मला वाटतं तुमच्या धास्तीचा बराच भाग या एकटेपणातूनच आलेला आहे.

आता यजमानांना लांब ठेवण्याबद्दल. नका ठेवू. घटनेनंतर नुकसान वाढवलं असतं ते त्या फोनने नाही, तर मधल्या तीन दिवसांनी. त्याच तासाला कळलं असतं तर लगेच नेट तोडता आलं असतं, पासवर्ड बदलता आले असते, बँकेला सांगता आलं असतं. ते तीन दिवस गप्प का राहिले असतील? तुम्ही रागावाल म्हणून, आणि स्वतःचीच लाज वाटली म्हणून. भांडण झालं हे मी समजू शकतो, भीतीपोटीच झालं असणार. पण आता त्यांनी कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं आहे, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर असं काही घडलं तर ते सांगण्याची शक्यता आणखी कमी झाली आहे. ही फसवणूक बावळट माणसांसाठी बनवलेली नसते. भीती, घाई आणि अधिकाराचा आवाज हे तिन्ही एकदम समोर आले की डॉक्टर, वकील, खुद्द कॉम्प्युटरवाले लोकही फसतात. तुमचे यजमान तर ऐन वेळी सावध झाले. त्यांना हे तुमच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं.

घरात एकच नियम करा, आणि तो तुमच्यासह सगळ्यांना लागू असू द्या: काही विचित्र दिसलं किंवा हातून काही दाबलं गेलं तर लगेच सांगायचं, आणि सांगणाऱ्याला कुणी बोलायचं नाही.

तांत्रिक बाजूने, प्रत्येकाचं विंडोजचं खातं वेगळं करा आणि रोज वापरायची तिन्ही खाती साधी ठेवा, अ‍ॅडमिन नको. अ‍ॅडमिनचं चौथं खातं फक्त नवीन प्रोग्रॅम घालण्यासाठी. त्यामुळे काही बसवायचं म्हटलं की पासवर्ड मागितला जातो आणि माणूस क्षणभर थांबतो. ही पूर्ण भिंत नाही. दुरून ताबा घेणारे काही प्रोग्रॅम बसवल्याशिवायही चालतात, त्यामुळे फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून काहीही डाउनलोड करायचं नाही, हे खात्यांच्या भरवशावर सोडू नका. आणखी एक छोटी गोष्ट: विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं अक्षरजोड, म्हणजे फाइल कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारं, लपवून ठेवतं (साध्या मजकुराच्या फाइलचं असतं टीएक्सटी). मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस जगभर पसरला त्याचं हेही एक कारण होतं. फाइल प्रत्यक्षात उघडताच काम सुरू करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम होती, पण नावाच्या शेवटी नुसतं टीएक्सटी दिसत असल्याने ते साधं प्रेमपत्र वाटलं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेंशन दिसतील असं करून ठेवा. राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्डही एकदा बदलून टाका.

धास्ती कधी संपणार, याचं उत्तर माझ्या मते बॅकअपमध्ये आहे. कॉम्प्युटर पुसायचा म्हटल्यावर तुमच्या मनात सर्वांत आधी काय आलं असेल? फोटो. जे गेलं तर परत मिळणार नाही त्याची दुसरी प्रत घरात असेल, तर हल्लेखोराच्या हातात तुम्हाला घाबरवण्यासारखं फारसं राहत नाही. जाणकार तीन प्रती सांगतात: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तुम्ही एका बाहेरच्या हार्ड डिस्कपासून सुरुवात करा. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली डिस्क खंडणी मागणारा व्हायरस कॉम्प्युटरसोबतच कुलूपबंद करतो. क्लाउडमध्ये आपोआप जाणारे फोटो हा बॅकअपचा काही अंशच आहे, कारण इकडे खराब झालेली किंवा पुसलेली फाइल थोड्या वेळाने तिकडेही तशीच होते. हे काम यजमानांकडे द्या. महिन्यातून एकदा डिस्क जोडायची, प्रत घ्यायची, त्यातले चार फोटो उघडून बघायचे, डिस्क परत ठेवायची. कॉम्प्युटरकडे परत येण्यासाठी त्यांना याहून चांगलं निमित्त मला सुचत नाही.

एक शेवटचं. तुमच्या घरचा फोन नंबर आता त्या लोकांकडे आहे, आणि एकदा फोन उचललेले नंबर पुढे विकले जातात. काही आठवड्यांनी दुसरा कुणीतरी फोन करेल. या वेळी तो तुमच्या बाजूने बोलेल: तुमची फसवणूक आम्हाला कळली आहे, चोर पकडला आहे, किंवा तुम्हाला पैसे परत द्यायचे आहेत, फक्त कॉम्प्युटर सुरू करा. त्याला यजमानांचं नाव आणि त्या दिवसाची तारीखही माहीत असेल, म्हणून तो खरा वाटेल. वाद घालू नका, काही सिद्ध करायला सांगू नका. फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा. आणि हे यजमानांना आजच सांगून ठेवा, फोन येण्याच्या आधी.